हाडांत शिल्लक राहिलेले औषध

पुणे-लोणावळा मार्गावर कासारवाडीच्या पुढच्याच स्थानकावर, पिंपरीस, १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला. तेथील पेनिसिलीनचे रक्तातील प्रमाण साधारण अर्ध्या तासात निम्म्यावर येत असे. तेव्हा औषध बंद केले की ते शरीरातून गेले, हा समज आपल्या व्यवसायात रुजला असल्यास नवल नाही. ठिसूळ झालेल्या हाडांसाठी आपण जी बिस्फॉस्फोनेटे देतो, त्यांना मात्र तो मुळीच लागू पडत नाही.

अ‍ॅलेन्ड्रोनेट या बिस्फॉस्फोनेटाची गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घेतली तरी तिचा शेकडा एक अंशही रक्तात पोहोचत नाही, आणि दुधाच्या चहाबरोबर घेतली तर जवळजवळ वायाच जाते. जे पोहोचते त्याचे यकृतात कसलेही रूपांतर न होता, सुमारे निम्मे मूत्रावाटे जसेच्या तसे बाहेर पडते व उरलेले काही तासांतच हाडातील खनिजाला चिकटते. रक्तातून ते नाहीसे होते. परंतु ऑस्टिओक्लास्ट पेशी ज्या जागी हाड कोरू लागतात तेथेच मोकळे होऊन ते त्या पेशींना निकामी करते, आणि वर नवे हाड चढले म्हणजे त्याखाली गाडले जाऊन, त्या जागेची झीज पुन्हा सुरू होईपर्यंत निष्क्रिय पडून राहते. अंतिम अर्धायुकाल दहा वर्षांहून अधिक, तो यामुळेच. झोलेड्रोनिक आम्ल या दुसऱ्या बिस्फॉस्फोनेटाची ५ मिलिग्रॅमची मात्रा वर्षातून एकदाच पुरते, तीही यामुळेच. मात्र क्रिएटिनिन क्लिअरन्स ३५ च्या खाली असल्यास ती देऊ नये.

धोका फार नसलेल्या रुग्णास पाच वर्षांच्या गोळ्यांनंतर विश्रांती देता येते, ती या शिलकीच्या भरवशावर. ठिसूळ हाडांसाठीच दिले जाणारे पण बिस्फॉस्फोनेट नसलेले डेनोसुमॅब मात्र हाडात साठत नाही. त्याचे सहामाही इंजेक्शन काही महिने लांबले तर दबलेली झीज उसळून मणके मोडू शकतात. दोहोंना ‘हाडांचे औषध’ एवढ्याच नावाने केसपेपरावर नोंदवणे म्हणूनच मला गंभीर हयगय वाटते.

आपल्या कासारवाडी-पिंपरीच्या पट्ट्यात नोकरीनिमित्त आलेल्या मुलांकडे आई काही वर्षे राहते व पुन्हा गावी जाते. दप्तर येथे राहते आणि दाढ तिकडे काढली जाते. त्या दंतवैद्यास या औषधांमुळे होऊ शकणाऱ्या जबड्याच्या अस्थिमृत्यूचा, किंवा मांडी दुखते म्हणून तिला तपासणाऱ्या अस्थितज्ज्ञास त्यांमुळेच होऊ शकणाऱ्या मांडीच्या हाडाच्या विलक्षण भंगाचा संशय यावा, तर औषधाचे नाव, पहिल्या व शेवटच्या मात्रेची तारीख असा दाखला रुग्णाच्याच हाती असला पाहिजे, मग ते औषध बंद होऊन पाच वर्षे लोटलेली का असेनात.