बांधावरून : एकट्याचा कारखाना



मे महिन्याच्या अखेरीस शिंदखेडा तालुक्यातील एका गावी आमची बोंडअळीची सभा होती. १ जूनच्या आत कपाशी लावू नका, मागल्या हंगामाच्या पऱ्हाट्या शेतात ठेवू नका, हे दरवर्षीचेच सांगून झाले. सभा आटोपून चहा चालला असता एक आप्पा जवळ सरकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "साहेब, मना आंडोर येडा व्हयना का काय, एकडाव देखी ल्या."

मला वाटले व्यसनाचे प्रकरण असावे. पण तसे नव्हते. मुलगा चोवीस वर्षांचा, धुळ्याला कॉलेज करून घरी आलेला. दिवसा शेतात राबतो, उलट बोलत नाही. मात्र रात्री मागच्या खोलीचे दार लावून एकटाच काहीतरी वाजवत बसतो आणि मधूनच असा ओरडतो की गोठ्यातली गाय दावे ओढते. शेजारच्या म्हातारीने तर भगत आणण्याचा सल्ला दिला होता. आणि आप्पांचे खरे दुखणे पुढेच होते. बियाण्या-खतासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून बावीस हजार रुपये घेऊन त्याने गिटार आणि कसलीशी पेटी आणली होती. विचारले नव्हते. "तुम्ही दोन शब्द सांगा, तुमचं ऐकेल," असे आप्पांचे म्हणणे.

आता पिकावर काय फवारावे हे मी सांगू शकतो. पोराला काय सांगावे हा माझा विषय नव्हे. तरी गेलो.

खोली म्हणजे पूर्वीची कापूस साठवायची खोली. भिंतींना जुन्या गोधड्या टांगलेल्या. एका टेबलावर संगणक, शेजारी ती पेटी, कानाला लावायचे हेडफोन. मी म्हटले, "बाबा, मला तुझे संगीत कळणार नाही, पण तू करतोस काय ते दाखव." पोरगा खुलला. पडद्यावर त्याने चौकटी उघडल्या, एका ओळीत सोळा. ज्या चौकटीत खूण करावी तेथे ढोल वाजतो, दुसऱ्या ओळीत झांज, तिसऱ्या ओळीत आणखी काही. मला हसू आले. अहो, ही तर कपाशीची चौफुली! दोरी धरून जेथे फुली पडेल तेथे बी टाकायचे, बाकी जागा मोकळी. मोकळी जागा किती आणि कोठे ठेवली यावरच पुढचे सारे. एकदा लावून दिले की संगणक तेवढे तेवढे वाजवीत राहतो, कंटाळत नाही. वर हा गिटार वाजवतो, त्याचा आवाज मुद्दाम फाडतो, म्हणजे लग्नातला कर्णा फाटल्यावर जसा घरघरतो तसा. आणि शेवटी स्वतः ओरडतो. ढोलवाला, गिटारवाला, गाणारा, सगळी मंडळी तो एकटाच.

मग त्याने एक गाणे लावले. सुरुवातीला घर्र-खच्च, घर्र-खच्च असा आवाज. आप्पा दारात उभे होते, ते एकदम म्हणाले, "अरे, ही तर आपली कुट्टी!" खरेच, घरच्या कडबा कुट्टीचा आवाज त्याने मोबाइलवर घेऊन ढोलाच्या जागी बसवला होता. मला ते गाणे आवडले असे म्हणणार नाही. पण ती कुट्टी अजून कानातून जात नाही.

या संगीताला मेटल म्हणतात, म्हणजे धातूचे. त्याचा उगम इंग्लंडमधील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात. तेथे टोनी आयोमी नावाचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. सतरा वर्षांचा असताना, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके यंत्रात गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायच्या नेमक्या त्याच हाताची. कडबा कुट्टीत आणि मळणी यंत्रात बोटे गेलेले आपल्याकडे गावोगाव आहेत, त्यांना यातले दुःख वेगळे सांगायला नको. या मुलाने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, त्यावर कातडे लावले, आणि बारीक तारा बसविल्या. पुढे तारा सैलही केल्या. सैल तारेचा आवाज खोल, जड येतो. तोच जड आवाज या संगीताची ओळख झाली. त्याच्या 'ब्लॅक सॅबथ' या मंडळींची पहिली तबकडी १९७० च्या फेब्रुवारीत निघाली, आणि जुलै २०२५ मध्ये त्यांनी शेवटचा कार्यक्रम केला तो बर्मिंगहॅमलाच. पंचावन्न वर्षे! एवढी वर्षे तर आमच्या खात्यात एखादी योजनासुद्धा टिकत नाही.

ते चौघे होते. आप्पांना कोडे पडले होते ते एकटेपणाचे. "बँडमध्ये असता तर चार पोरं तरी सोबत असती. हा एकलाच भिंतीशी बोलतो," असे ते म्हणाले.

परंतु एकट्याने वाजविणारे आपल्या मुंबईतच होऊन गेले. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजविणारे वादक. त्यांनी जपानी बनावटीची तीन विजेची यंत्रे घेतली. एक ढोलाचे, एक खर्जाचे, एक सुरांचे. त्यांवर १९८२ साली भैरव, ललत, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यात एकट्याने बसविले. तबकडी निघाली, पण कोणी घेतली नाही. खर्जाचे ते यंत्रही चालले नाही. गिटारवाल्याला साथीदार नको पडावा म्हणून कंपनीने ते काढले होते, ते १९८४ मध्ये बंद केले. पुढे अमेरिकेतील शिकागोच्या पोरांच्या हाती तीच टाकून दिलेली यंत्रे पडली आणि १९८७ च्या सुमारास त्यांतून नाचाच्या संगीताचा एक नवा प्रकार उभा राहिला. लोकांना वाटत होते की तो तेथेच जन्मला. नंतर एका डच संग्राहकाला चरणजितांची तबकडी दिल्लीत सापडली, २०१० मध्ये ती पुन्हा निघाली, आणि जग चकित झाले की हा आवाज मुंबईत पाच वर्षे आधीच निघाला होता! सत्तरी गाठलेले चरणजित युरोपात कार्यक्रम करून आले. २०१५ च्या जुलैमध्ये ते गेले. मधली अठ्ठावीस वर्षे मात्र ते लग्न-समारंभांत आणि दुसऱ्यांसाठीच वाजवीत होते, हेही मी त्या पोराला सांगितले. ऐकणारा मिळेल, पण तू तेव्हा आजोबा झालेला असशील!

मुंबईचाच साहिल मखिजा हा तर मेटलवाला. २००० साली 'डेमॉनिक रिझरेक्शन' हा बँड त्याने काढला. २०१७ मध्ये त्यांनी विष्णूच्या दशावतारांवर आख्खी तबकडी केली. वारकऱ्यांना ती झेपेल असे वाटत नाही, पण विषय घरचाच आहे. 'डेमनस्टीलर' या नावाने तो एकट्याचेही करतो. २०२३ च्या तबकडीत ढोल वाजविणारे निरनिराळ्या देशांतले, प्रत्येकाने आपल्या ठिकाणी वाजवून पाठविलेले. या सगळ्याला जोड म्हणून त्याने काय केले असेल? स्वयंपाक! इंटरनेटवर तो पाककृती दाखवितो आणि लाखो लोक त्या पाहतात. शेतीला जोडधंदा हवा हे मी पंचवीस वर्षे सांगत आलो. मेटललाही तो लागतो हे मला तेव्हा कळले.

कारण हिशेब असा आहे. पोराने सरळ सांगितला, लपविले नाही. स्पॉटिफायवर कोणीही गाणे टाकू शकतो. पण वर्षभरात हजार वेळा ऐकले गेले नाही तर त्या गाण्याचा एक पैसाही मिळत नाही, हा २०२४ पासूनचा नियम. बँडकँप नावाची दुसरी पेठ आहे. तेथे गाणे विकले की शंभरातले पंधरा पेठवाला घेतो, पैसे पोचविण्याचा खर्च वेगळा, बाकी वाजविणाऱ्याचे. आप्पांनी लगेच मनात आडत लावून पाहिली असावी, कारण त्यांनी विचारले, "आणि विकलं किती?" पोरगा म्हणाला, "अकरा." त्यातले सात परदेशात. पोलंडातल्या एकाने चार ओळी लिहून पाठविल्या होत्या, त्या त्याने मला वाचून दाखविल्या. वाचताना त्याचा आवाज जरा हलला. गावात त्याला विचारणारे कोणी नाही आणि पोलंडात कोणीतरी कडबा कुट्टी ऐकत बसले आहे. आसोद्याच्या बहिणाबाईंची गाणीही जात्यावर आणि शेतात एकटीनेच झाली, आणि पुस्तक निघाले ते त्या गेल्यावर, १९५२ साली. अर्थात दोन्हींची बरोबरी मी करीत नाही. पत्रे पाठवू नयेत.

बावीस हजारांबद्दल मात्र मी त्याला बोललो. खताचे पैसे हे खताचेच. डीएपी वेळेवर पडले नाही तर गिटार काही बोंडे धरणार नाही. तो मान खाली घालून ऐकत होता. मग म्हणाला, लग्नसराईत अहिराणी गाणी करणारी पोरे त्याच्याकडे येतात, एक गाणे भरून देण्याचे दीड-दोन हजार मिळतात, दिवाळीपर्यंत फेडतो. हे आप्पांना ठाऊक नव्हते. पोराने सांगितले नव्हते, कारण त्याला स्वतःला ती गाणी करण्यात गोडी नव्हती. बापाला वाटत होते मुलगा काही कमवत नाही, मुलाला वाटत होते ही काय कमाई! मीही कृषी महाविद्यालयात असताना कॅसिओ वाजवीत असे. नोकरी लागल्यावर तो विकला. कोणी विकायला सांगितले नव्हते.

निघता निघता मी विचारले, "गाण्याच्या मागे सारखे घूंऽऽ कसले वाजते?" तो म्हणाला, "ते जातच नाही साहेब, पेटी खराब आली असेल." मी गिटारच्या तारांना हात लावला आणि चटकन मागे घेतला. मुंग्या आल्या. हा माझ्या ओळखीचा प्रकार होता. मोटारीच्या स्टार्टरने गेलेली माणसे मी पाहिली आहेत. घराची अर्थिंग कधीच मेलेली, तीन टाचांच्या प्लगची मोठी टाच नुसती शोभेची. वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते, तीच ती घूं. हा पोरगा रात्री पाणी भरून ओल्या पायांनी येतो आणि लोखंडी तारा हातात घेतो! वेल्समधील स्वॉन्सी येथे १९७२ साली लेस हार्वी नावाचा गिटारवाला भर कार्यक्रमात मायक्रोफोनला हात लागून जागच्या जागी गेला. तेथेही अर्थिंगचाच घोळ होता.

मंडळी, तुमच्या घरी गिटार नसेल, पण मोटार, कुट्टी, कूलर आहे. भिंतीपासून पाच फूट सोडून खड्डा घ्या. सुमारे आठ फूट लांबीचा, भोके पाडलेला जस्ती पाइप उभा करा, भोवती कोळसा आणि मीठ यांचे थर द्या, वर नरसाळे बसवा. तार जाड घ्या आणि काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. घराच्या मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचे गळती-बंद बटण बसवा. उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी टाकत जा, कोरड्या मातीतून वीज जात नाही. हेडफोनवाल्यांनी आवाजही बेताने ठेवावा. ८५ डेसिबल आठ तास कान सोसतो, ८८ ला चारच तास. बहिरेपण हळूच येते आणि आले की जात नाही.

आप्पांनी पोराला सांगितले नाही की वाजव, आणि वाजवू नको असेही सांगितले नाही. पण चौथ्या दिवशी बापलेकांनी मिळून खड्डा खणला. मृगाच्या पावसानंतर मी त्या बाजूला गेलो तेव्हा कपाशी उगवून आली होती, नांगे भरायचे चालले होते. पोरगा म्हणाला, घूं गेली. आप्पा तेवढ्यात बादली घेऊन मागच्या अंगाला गेले. पाऊस होऊन दोनच दिवस झाले होते, तरी नरसाळ्यात पाणी ओतून आले.