भांगलणीचा पहिला महिना

स्मरणिकेत तणाविषयी लिहावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु या वसतिगृहात शिकून गेलेल्या अनेकांच्या आयांनी दुसऱ्यांच्या रानात भांगलण करूनच घर चालविले. तेव्हा हा विषय आम्हांस परका नाही.

सातारा-सांगलीकडे सर्रास ऐकू येणारे गाऱ्हाणे असे, की भांगलणीच्या बायका परवडत नाहीत. खत उधारीवर मिळते, मजुरी मात्र बाजाराच्या दिवशी रोख द्यावी लागते. म्हणून काटकसरीची कुऱ्हाड आधी तिच्यावर पडते आणि पहिली भांगलण लांबते. आमच्या मते खरे नुकसान येथेच होते. टोमॅटो, मिरची, वांगी यांच्या लागणीनंतरचे चार ते सहा आठवडे निर्णायक असतात. या काळात तणाने पाणी, खत व उजेड ओढून घेतला, की पुढे रान कितीही स्वच्छ केले तरी खुंटलेली वाढ भरून निघत नाही. कांद्याची अवस्था अधिकच बिकट. त्याची पात अरुंद आणि उभी. तिची जमिनीवर सावली पडत नाही, त्यामुळे दीड-दोन महिने तणाला मोकळीक मिळते. बारीक राहिलेल्या कांद्याला लोणंदच्या बाजारात काय भाव मिळतो, हे खंडाळा-फलटणच्या शेतकऱ्यांना सांगावयास नको.

लव्हाळा तर वरून खुडून भागत नाही. गाठ जमिनीत राहिली की थोड्याच दिवसांत पाते पुन्हा वर येते. ती गाठ खुरप्याने कशी उकरावी, हे जाणणाऱ्या हातांना आपण अकुशल म्हणतो! घोळ आणि तांदुळजा तण म्हणून उपटावा आणि संध्याकाळच्या भाजीसाठी ओच्यात बांधून न्यावा, हेही त्याच हातांना ठाऊक.

तणनाशकाने सारे भागेल असे म्हणणाऱ्यांनी शेजारचा ऊस आठवावा. उसातील रुंद पानांच्या तणांवर टू-फोर-डी फवारतात. ते वाऱ्याने उडाले, किंवा तोच पंप नीट न धुता भाजीला वापरला, तर टोमॅटो-वांग्याची पाने मुरडतात. द्राक्षवेलही त्यातून सुटत नाही. मल्चिंगचा कागद उपयोगी खरा, पण रोपाच्या भोकातले तण हातानेच काढावे लागते, आणि लव्हाळा तर तो कागदही भेदून वर येतो.

शेती करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना आमचे सांगणे एवढेच : लागणीच्या दिवशीच पहिल्या दोन भांगलणींची मजुरी वेगळी काढून ठेवावी, आणि ती ठरविताना त्या बायकांशीच बोलावे.