एका लेखाला एक पौंड

पोटासाठी लिहिलेले ते दुय्यम, असा आपल्या समीक्षेचा जुना रिवाज आहे. लेखकाची थोरवी ग्रंथांवरून ठरवायची आणि त्याची पत्रकारिता चरित्रातल्या एका परिच्छेदात उरकायची. कार्ल मार्क्सच्या वाट्याला बहुधा हेच येते. आमच्या मते हा रिवाज तपासून पाहायला हवा.

१८४९ साली मार्क्स लंडनला आला तो निर्वासित म्हणून. प्रशियाचे नागरिकत्व त्याने १८४५ मध्येच सोडले होते. ब्रिटिश नागरिकत्व त्याला अखेरपर्यंत मिळाले नाही. १८५१ मध्ये 'न्यूयॉर्क डेली ट्रिब्यून'च्या चार्ल्स डानाने त्याच्याकडे लेख मागितले. त्याचे इंग्रजी तेव्हा कच्चे होते, म्हणून पहिली लेखमाला त्याच्या नावाने एंगल्सने लिहिली. १८५३ पासून मार्क्स स्वतः इंग्रजीत लिहू लागला. मोबदला आरंभी एका लेखाला एक पौंड. अनेक लेख तर संपादक बिननावाचे अग्रलेख म्हणून छापी. १८५२ मध्ये कोट गहाण पडल्यामुळे त्याला घराबाहेर पडता येत नव्हते. १८५७ च्या मंदीत आठवड्याला एकाच लेखाचे पैसे मिळू लागले आणि १८६२ मध्ये हे काम संपले.

मार्क्स स्वतः या कामावर वैतागे. पण व्यापाराचे आकडे, पार्लमेंटमधल्या चर्चा, कारखाना निरीक्षकांचे अहवाल आठवड्यामागून आठवडे चाळायला त्याला याच कामाने लावले. १८६७ च्या 'भांडवल'मध्ये ते निरीक्षक पानोपानी भेटतात.

या लेखनाला मर्यादा आहेतच. भारत न पाहता, कागदपत्रांवर विसंबून १८५३ मध्ये त्याने भारतीय समाजाला इतिहासच नाही असे ठरवून टाकले. ते विधान आम्हाला मान्य नाही. परंतु १८५७ च्या उठावात इंग्रजी वृत्तपत्रे शिपायांच्या क्रौर्याच्या कहाण्या छापत असताना, याच मार्क्सने मद्रास इलाख्यातील करवसुलीसाठी होणाऱ्या छळाचे पुरावे सरकारच्याच अहवालातून काढून वाचकांपुढे ठेवले. दोन्ही लेखांमागची रीत एकच: राज्यकर्त्यांचे कागद वाचणे. पहिल्या वेळी त्याने ते बरेचसे प्रमाण मानले, दुसऱ्या वेळी त्यांना साक्षीला उभे केले.

चार वर्षांतला हा फरक ग्रंथात सापडत नाही. तो तारखांनिशी वृत्तपत्रातच सापडतो. तेव्हा हे लेख ग्रंथांची तळटीप म्हणून न वाचता, उपऱ्या माणसाने परक्या भाषेत, मुदतीच्या धाकाखाली घडवलेले गद्य म्हणून अभ्यासक्रमात यावेत, असे आम्हाला वाटते.