कबुतरांचे मोल

आपल्या नगर जिल्ह्याला, ज्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, कबुतरांचा शौक नवा नाही. पत्र्याच्या छपरावर ढाबळ बांधलेली असते. सकाळी तिचे दार उघडले की थवा गावावर घिरट्या घालू लागतो आणि खाली मालक मान वर करून उभा राहतो. पक्षी किती तास आकाशात टिकतो यावर कुणी शर्यत लावतात. कुणी त्याला दूरच्या गावी नेऊन सोडतात आणि घरी परतण्याची वेळ मोजतात. या छंदाशी आमचे भांडण नाही. सूर्याची दिशा आणि पृथ्वीचे चुंबकत्व यांच्या आधाराने शेकडो किलोमीटरांवरून आपले घर शोधून काढणारा हा एवढासा जीव पाहून ज्याला निर्मात्याची आठवण होत नाही, त्याच्या डोळ्यांत काही उणे आहे. आमचे भांडण आहे ते पाखराच्या मोलाने माणूस तोलण्याशी.

श्रीरामपूर तालुक्यातील हरेगाव वाचकांना ठाऊक आहे. मतमाउलीच्या यात्रेला आपल्यापैकी बहुतेक जण तेथे गेलेले आहेत. त्याच गावात २५ ऑगस्ट २०२३ रोजी, म्हणजे पवित्र मरियेच्या जन्मोत्सवाला अवघे दोन आठवडे उरले असताना, एक शेळी आणि काही कबुतरे चोरल्याच्या संशयावरून चार दलित तरुणांना झाडाला उलटे टांगून काठ्यांनी मारण्यात आले, अशी फिर्याद नोंदली गेली. सहा जणांवर गुन्हा दाखल झाला. त्या प्रकाराचे चित्रीकरण हातोहाती सर्वत्र फिरले. कोण किती दोषी, हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे; त्यात आम्ही पडत नाही. आम्हांला बोलायचे आहे ते त्यानंतर भल्या माणसांच्या तोंडून, आपल्या घरांतूनसुद्धा, ऐकू आलेल्या एका वाक्याविषयी : "मारले ते वाईटच, पण चोरी केली तर दुसरे काय होणार?"

या 'पण'चा विचार करू या. पहिली गोष्ट, कबुतर नाहीसे झाले म्हणजे चोरीला गेले, असे कोणताही जाणता कबुतरबाज छातीठोकपणे सांगणार नाही. शिक्रा झडप घालतो, मांजर रात्री ढाबळीत शिरते, विजेच्या तारा पंख मोडतात. संक्रांतीच्या दिवसांत नायलॉनचा मांजा गळा कापतो. राष्ट्रीय हरित लवादाने त्यावर २०१७ सालीच बंदी घातली, तरी तो विकला जातोच. शिवाय दुसऱ्याच्या थव्यात मिसळून परक्या ढाबळीवर उतरणे हा तर या पाखराचा स्वभावच. असे भरकटलेले कबुतर धरून ठेवण्यात कित्येक शौकिनांना मोठेपणा वाटतो. ज्या मालमत्तेला पंख आहेत, तिच्यासाठी नुसत्या संशयावरून माणसाला झाडाला टांगणारा स्वतःच्या छंदाचाही अपमान करतो.

दुसरी गोष्ट, चोरी झालीच होती असे क्षणभर धरून चालू. मग शिक्षा कोणती? १ जुलै २०२४ पासून लागू झालेली भारतीय न्याय संहिता सांगते, की पाच हजार रुपयांहून कमी मोलाची पहिलीच चोरी असेल आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर गुन्हेगाराकडून समाजसेवा करून घ्यावी. ज्या कायद्याला आपण कठोर म्हणतो, तो इतका सौम्य होऊ शकतो. आणि दर रविवारी क्षमेची प्रार्थना म्हणणारे आपण मात्र 'पण' म्हणतो! पोलीस लक्ष देत नाहीत, ही सबब आम्ही ऐकली आहे. परंतु शेळी चोरणारा सधन घरचा असता, तर दोर बाहेर निघाला असता काय? खरे उत्तर प्रत्येकाला ठाऊक आहे. ते झाड कोणासाठी असते, हे या जिल्ह्याला सांगावे लागत नाही. २०१४ साली खर्ड्यात एका दलित शाळकरी मुलाचा देह झाडालाच लटकलेला सापडला होता.

आणि तिसरी गोष्ट खास आपल्यासाठी. लूक सांगतो, की बाळ येशूला घेऊन मरिया आणि योसेफ मंदिरात गेले, तेव्हा नियमशास्त्राप्रमाणे पारव्यांच्या जोडीचे अर्पण ठरलेले होते. ज्यांना कोकरू परवडत नसे, त्यांच्यासाठी ती सवलत होती. पाखरांची जोडी म्हणजे गरिबाची ओळख! पुढे हाच येशू मोठा झाला आणि मंदिरात कबुतरे विकणाऱ्यांचे चौरंग त्याने उलथून टाकले. क्षुल्लक किमतीला विकली जाणारी चिमणीदेखील पित्याच्या नजरेआड होत नाही, असे त्याने शिकवले. परंतु तेवढ्यावर न थांबता माणसाचे मोल पुष्कळ चिमण्यांहून अधिक असल्याचे त्याने स्पष्ट सांगितले. आपण पहिला भाग भिंतीवरच्या चित्रांत टांगला आणि दुसरा विसरलो. २०२० साली बेल्जियममध्ये 'न्यू किम' नावाच्या एका शर्यतीच्या कबुतराला लिलावात सोळा लाख युरो मिळाले. बाजार पाखराची किंमत कितीही वाढवो. माणसाची किंमत ठरवण्याचा अधिकार त्याला कोणी दिलेला नाही.

कुणी म्हणेल, हे आपले प्रकरण नव्हे. बंधुभगिनींनो, नगर जिल्ह्यातील आपल्या बहुसंख्य घरांचे आजे-पणजे कोणत्या वस्तीतून ख्रिस्तसभेत आले, हे विसरू नका. उलट, त्या झाडाखाली आपल्यापैकी कोणी असता, तर १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कवचही त्याला लाभले नसते.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. ज्यांच्या घरी ढाबळ आहे, त्यांनी ती आनंदाने राखावी. पाखरू हरवले तर शोधावे, चोरीची शंका आली तर पोलीस ठाण्यात जावे. गर्दी जमली आणि दोर निघाला, तर आपल्यातील निदान एकाने मोबाइल खिशात ठेवून मध्ये उभे राहावे. आणि येत्या सप्टेंबरात मतमाउलीसमोर मेणबत्ती लावताना त्या चौघांच्या मातांना आठवावे. ज्या माउलीकडे अर्पण करायला दोन पाखरांहून अधिक काही नव्हते, तिला त्या मातांचे दुःख आपण सांगण्याआधीच कळलेले असेल. ते आपल्याला कळले आहे काय, एवढेच प्रत्येकाने तेथे स्वतःला विचारावे.