मेंदूला मिळालेली सवलत

मुदती बिलाची मुदत भरली तरी त्यावर आणखी तीन दिवसांची सवलत मिळते, ही १८८१च्या परक्राम्य संलेख अधिनियमातील तरतूद आपल्या व्यापारी वाचकांना ठाऊक आहे. पक्षाघाताच्या वेळी निसर्ग मेंदूलाही अशीच सवलत देतो. ती मात्र दिवसांची नसून तासांची असते, आणि ती कोण देते हे समजले तर तिचे मोल अधिक कळेल.

शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असलेला मेंदू एकूण प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के एकटाच वापरतो. शिल्लक साठा मात्र त्याच्याकडे जवळजवळ नसतो. बहुतेक पक्षाघात रक्तवाहिनीत गुठळी अडकल्याने होतात, तर काही वाहिनी फुटल्याने. अमेरिकेतील मेंदूतज्ज्ञ जेफ्री सेव्हर यांनी २००६ साली मांडलेल्या हिशेबानुसार, मोठी वाहिनी बंद पडून उपचार न झाल्यास दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी नष्ट होतात.

तरीही सगळा भाग एकदम मरत नाही. मध्यभाग लवकर जातो, पण त्याच्या भोवतीचा पट्टा शेजारच्या बारीक वाहिन्यांतून येणाऱ्या अपुऱ्या रक्तावर तग धरून राहतो. डॉक्टर त्याला ‘पेनम्ब्रा’ म्हणतात. या पट्ट्यात शरीराचे रक्षक रेणू कामाला लागतात. उपाशी पेशींतून ग्लुटामेटचा लोंढा सुटतो आणि तो शेजारच्या पेशींनाही मारू लागतो. ऊर्जेचा रेणू तुटून तयार होणारा अ‍ॅडेनोसिन त्या लोंढ्याला आवर घालतो. ‘हीट शॉक’ प्रथिने बिघडलेली प्रथिने सावरतात. डीएचए या स्निग्धाम्लापासून बनणारा न्यूरोप्रोटेक्टिन नावाचा रेणू दाह शमवतो आणि पेशींचा मृत्यू रोखण्यास मदत करतो.

रक्तवाहिन्यांचे अस्तर तर गुठळी विरघळवणारे प्रथिनच स्रवते. त्याचे नाव टीपीए. शरीरातील त्याचे प्रमाण थोडे असल्याने मोठी गुठळी त्याला आटोपत नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी तेच प्रथिन प्रयोगशाळेत तयार केले आणि १९९६ मध्ये अमेरिकेने ते पक्षाघातावरील औषध म्हणून मान्य केले. त्याचेच सुधारित रूप म्हणजे टेनेक्टेप्लेज. पहिले औषध तासभर शिरेतून सोडावे लागते, तर हे एकाच इंजेक्शनात देता येते. अमेरिकेने पक्षाघातासाठी त्याला २०२५ मध्ये मान्यता दिली. भारतात मात्र त्याचा वापर त्याआधीपासून होत आहे, आणि पुण्याच्या हिंजवडीतील जेनोव्हा बायोफार्मास्युटिकल्स ते तयार करते.

ही इंजेक्शने साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावी लागतात. त्याआधी सीटी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाही याची खात्री करणे अनिवार्य असते. काही रुग्णांत गुठळी तारेने बाहेर काढण्यासाठी याहून अधिक वेळ मिळतो, पण तो निर्णय तज्ज्ञांचा. इतर रक्षक रेणूंची नक्कल करून औषधे बनवण्याचे कितीतरी प्रयत्न उंदरांवर यशस्वी आणि माणसांवर अयशस्वी ठरले आहेत. आपल्या शाकाहारी घरांतील जवस आणि अक्रोड यांतून शरीर थोडे डीएचए बनवते. ते जरूर खावेत, पण झटका आल्यावर तो उपचार नव्हे.

तेव्हा प्रश्न उरतो तो आपल्या वागण्याचा. पेढीवर बसलेल्या वडीलधाऱ्यांचे तोंड अचानक वाकडे झाले, एक हात लुळा पडला, बोलणे अडखळले, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा तोल गेला, तर “थोडे पडून राहतो, दुकान बंद झाल्यावर बघू” हे त्यांचे म्हणणे ऐकू नये. लक्षणे आपोआप ओसरली तरी रुग्णालय गाठावे. घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवावी आणि १०८ला फोन करावा. गिळता येते की नाही हे तपासल्याशिवाय पाणीसुद्धा पाजू नये. स्वतःच्या मनाने अ‍ॅस्पिरिन देऊ नये, कारण रक्तस्राव असेल तर ती घात करील.

आपल्या पळस्पे फाट्यावरून मुंबई, पुणे आणि गोवा या तिन्ही दिशांना रस्ते जातात, आणि कोंडी झाली की तिन्ही अडतात. म्हणून जवळच्या कोणत्या रुग्णालयात चोवीस तास सीटी स्कॅन आणि हे इंजेक्शन मिळते, याची चौकशी आजच करून तो क्रमांक दुकानातील फोनशेजारी लावून ठेवावा. ज्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे त्यांनी उपवासाच्या दिवसांत ती आपल्या मनाने बंद करू नये. डॉक्टरांना आधीच विचारून वेळ बसवून घ्यावी.

शरीर आपल्या परीने काही तास किल्ला लढवते. तेवढ्यात मदत पोहोचवणे हे घरच्यांच्या हाती आहे.