लाव्हारसाच्या वाटेवर श्वासाचे पथ्य

हवाई बेटांवरील किलाउएआ हा जगातील अत्यंत जागृत ज्वालामुखींपैकी एक. १९१६ साली स्थापन झालेल्या तेथील राष्ट्रीय उद्यानात पायी हिंडण्यासाठी देशोदेशींची कुटुंबे येतात. अमेरिकेतील मुलांकडे गेलेले आपल्याकडील आजी-आजोबाही नातवंडांसमवेत या वाटा चालतात. १९८३ ते २०१८ या काळात येथील लाव्हारस अनेकदा डोंगरउतारावरून थेट समुद्राला मिळे आणि लोक दूरवर चालत त्याच्या निकट जात. डिसेंबर २०२४ पासून माथ्यावरील हालेमाउमाऊ विवरात लाव्हारसाची कारंजी अधूनमधून उसळू लागली. ती विवराच्या काठावरील पायवाटांवरून दिसतात.

अशा ठिकाणी भय वाटते ते अग्नीचे. सुमारे १,१०० अंश सेल्सिअस तापलेल्या प्रवाहाची धगच माणसाला मागे सारते. परंतु हवेतील विषारी वायू असा इशारा देतीलच असे नाही. म्हणून, वाचकहो, येथे खरे पथ्य श्वासाचे आहे.

ज्वालामुखीतून सल्फर डायऑक्साइड हा वायू मोठ्या प्रमाणात बाहेर पडतो. नाकाने संथ श्वास घेत असताना त्याचा बराचसा अंश नाकातील ओलसर अस्तरातच शोषला जातो. चढावर दम लागला की आपण तोंडाने श्वास घेऊ लागतो आणि तोच वायू थेट श्वासनलिकांपर्यंत पोहोचतो. दम्याच्या रुग्णाच्या श्वासनलिका त्यामुळे काही मिनिटांत आकुंचन पावू शकतात. पुढे याच वायूचे हवेत सूक्ष्म आम्लकण बनून ज्वालामुखीचे धुरके तयार होते. दमेकरी, हृदयरोगी, गरोदर स्त्रिया, तान्ही बाळे व लहान मुले यांनी ते विशेषत्वाने टाळावे. वजनाच्या मानाने मुले मोठ्यांपेक्षा अधिक हवा आत घेतात, हेही ध्यानी असू द्यावे.

तोंडावर मुखपट्टी बांधली की काम भागले, असा समज अनेकांचा असतो. साधी मुखपट्टी धूळ व राख काही अंशी अडवते. वायू अडवत नाही. दम्याचे औषध गाडीत न ठेवता खिशात ठेवावे. या बेटांवर बहुधा ईशान्येकडून व्यापारी वारे वाहतात आणि वायू नैर्ऋत्येकडे लोटला जातो. वारा मंदावला किंवा फिरला की सुरक्षित वाटणारी वाटही बाधते. निघण्यापूर्वी उद्यानाची त्या दिवसाची हवेची नोंद पाहावी आणि वारा पाठीशी ठेवून उभे राहावे. विझलेल्या काडीसारखा उग्र दर्प आला, डोळे चुरचुरले वा खोकला सुरू झाला, तर तेथून तत्काळ निघावे. कारंजी उसळताना काचेचे केसांसारखे तंतू वाऱ्यावर येतात. मुलांना ते वेचू देऊ नयेत, डोळे चोळू देऊ नयेत.

दुसरे पथ्य पावलांचे. सह्याद्रीचा काळा पाषाणही लाव्हारसाचाच. तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, ऊनपावसाने झिजलेला. किलाउएआचा ताजा खडक वेगळा. त्याचे कवच काचेसारखे धारदार, काही ठिकाणी आतून पोकळ. भर उन्हात थिजल्यासारख्या दिसणाऱ्या पापुद्र्याखाली तप्त रस वाहत असू शकतो. म्हणून पूर्ण पायघोळ विजार, जाड तळाचे बंद बूट व हातमोजे हवेत. लावलेले अडथळे ओलांडू नयेत.

लाव्हारस समुद्रात शिरतो तेथील शुभ्र वाफ सर्वांत फसवी. तिच्यात हायड्रोक्लोरिक आम्ल आणि काचेचे बारीक कण असतात. २००० साली अशा वाफेने दोन जणांचा बळी घेतला. समुद्रात नव्याने साचलेली भूमीही भरवशाची नसते: ३१ डिसेंबर २०१६ रोजी सुमारे २६ एकरांचा किनारा ढासळला. जुलै २०१८ मध्ये समुद्रातील स्फोटाने उडालेले तप्त दगड पर्यटकांच्या नावेवर कोसळून २३ जण जखमी झाले.

सोबत प्रत्येकी दोन-तीन लिटर पाणी, विजेरी आणि उबदार, पावसापासून बचाव करणारे कपडे असावेत. माथा सुमारे १,२०० मीटर उंचीवर असल्याने तेथे गार पाऊस अवचित येतो. भाजल्यास वीस मिनिटे थंड वाहते पाणी धरावे. हळद, शाई, दंतमंजन असले काही लावू नये. खरचटलेली जखम स्वच्छ धुवावी, कारण तिच्यात काचेचे कण राहू शकतात.

सर्वांत महत्त्वाचा निर्णय मात्र घरून निघण्यापूर्वीच घ्यावा. कुटुंबात ज्याचा श्वास सर्वांत नाजूक, त्याच्या बळावर चालण्याची सीमा ठरावी. त्याला पहिला खोकला आला की सर्वांनी मिळून परतायचे, हे आधी ठरवावे आणि मुलांनाही सांगावे. इतक्या दूर येऊन आपल्यापायी सर्वांची निराशा नको, या संकोचाने आजोबा छातीतील जडपणा लपवतात, आणि मुले खेळाच्या नादात तो सांगत नाहीत. त्यांना विचारण्याची जबाबदारी धडधाकट माणसांची आहे. ती पाळली, तर विवराचा रक्तवर्ण प्रकाश काठावरून दुरूनही पुरेसा भव्य दिसतो.