हौसेचं बिल दुसऱ्याच्या नावावर

'हौसेला मोल नाही' या म्हणीचे दोन अर्थ होतात आणि जुन्या मोटारसायकलींच्या बाजारातली निम्मी भांडणं या दोन अर्थांमधली असतात. विकणारा म्हणतो, मोल नाही म्हणजे गाडी अनमोल आहे. घेणारा म्हणतो, मोल नाही म्हणजे तुमच्या हौसेचा मला छदामही द्यायचा नाही. मी बँकेत कारकून आहे, बी. कॉम. आहे आणि गेली वीस वर्षं दुसऱ्यांचे पैसे मोजतो आहे. या खटल्यात मी उघडउघड घेणाऱ्याचा वकील आहे, हे आधीच सांगून ठेवतो. मागाहून पक्षपाताचा आरोप नको.

आमचं गाव देवळाली प्रवरा. नुसतं 'देवळाली' सांगितलं की बाहेरचा माणूस थेट नाशिकला जाऊन पोचतो. त्या देवळालीच्या छावणीत मायदेशाच्या बोटीची वाट बघत बसलेले गोरे सोल्जर म्हणे भ्रमिष्ट व्हायचे. त्यावरून इंग्रजीत वेड लागलेल्याला 'डूलाली' असा शब्दच पडला. वेडाचा जागतिक मान असा नाशिककरांनी पटकावला. पण आमची देवळालीही अगदीच शहाणी आहे असं समजायचं कारण नाही. जुन्या मोटारसायकली घासूनपुसून, कापून-जोडून, रंगवून विकणारे कलावंत आमच्याकडेही निघाले आहेत. त्यांच्या जाहिरातीचा हा मासला पाहा:

'विकणे आहे. येझदी, १९७८. व्हिंटेज. पूर्ण रिस्टोअर व कस्टमाइझ केलेली. पिस्टन, टाकी, सीट, हँडल, रीम, वायरिंग सर्व नवीन. एकदम ओरिजिनल. हौशी माणसांनीच यावे. किंमत समक्ष.'

सर्व नवीन आणि एकदम ओरिजिनल! मग ओरिजिनल राहिलं काय? तर नंबरप्लेट. तीही बहुधा नव्याने रंगवलेली.

माझा पहिला आक्षेप मराठीचा आहे. रिस्टोअर करणं म्हणजे गाडी होती तशी पुन्हा उभी करणं. कस्टमाइझ करणं म्हणजे ती होती तशी न ठेवणं. ही दोन्ही कामं एकाच गाडीवर एकाच वेळी केली असं सांगणं म्हणजे 'आजोबांचा वाडा जसाच्या तसा जतन केला आणि मधोमध शटर बसवलं' असं सांगण्यासारखं आहे. शटर बसवायला माझी ना नाही. वाडा तुमचा, शटर तुमचं. फक्त मग जतनाचे पैसे मागू नका.

आता ही येझदी काय चीज होती ते बघा. चेकोस्लोव्हाकियाच्या जावाच्या तंत्रावर म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ ते १९९६ या काळात या गाड्या काढल्या. आधी नाव जावा, पुढे येझदी. सिलिंडर एक पण सायलेन्सर दोन. आणि किक मारायची दांडी व गिअर टाकायची दांडी मात्र एकच! तीच आत दाबून वर केली की किक, मारून झाली की खाली पाडून गिअर. एकाच माणसाकडून दोन टेबलांचं काम करून घेण्याची ही पद्धत बँकवाल्यांना पुष्कळ नंतर सुचली. अशा गाडीचा एक सायलेन्सर काढून टाकायचा, मागचं मडगार्ड उडवायचं, फ्रेमचं शेपूट ग्राइंडरने कापायचं, दोघांच्या सीटच्या जागी पोळपाटाएवढी एकाची सीट ठोकायची आणि त्याला म्हणायचं 'कॅफे रेसर'. आमच्या जिल्ह्याचं नाव २०२४ साली अहिल्यानगर झालं, तर त्यासाठी सरकारलासुद्धा राजपत्र काढावं लागलं. यांचं नामांतर एका रविवारी गॅरेजमध्ये उरकतं. (मागच्या सीटचं काय झालं, हा प्रश्न घरातून विचारला जातो तेव्हा बहुतेक कलावंत गाडी विकायला काढतात, असं माझं निरीक्षण आहे.)

दुसरा आक्षेप हिशेबाचा. विकणाऱ्याकडे एक फाइल असते. किंमत विचारली की तो ती उघडतो. सिलिंडर बोर केल्याचं बिल, निकल केल्याचं बिल, तीनदा दिलेल्या रंगाचं बिल, पुण्याहून आणलेल्या पार्टचं बिल, तो पार्ट आणायला गेला त्या एस.टी.चं तिकीट. खाली बेरीज. ती बेरीज म्हणजे किंमत!

आम्हाला कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवलं होतं की भांडवली खर्च वेगळा आणि महसुली खर्च वेगळा. दुरुस्ती, रंगरंगोटी हे नफा-तोट्याच्या खात्यात जातं. ते खर्च झालं, संपलं. आणि गाडीवर घसारा असतो. दरसाल १५ टक्के धरला तर १०० रुपयांच्या गाडीचे पंधरा वर्षांनी पावणेनऊ रुपये उरतात. नवरदेवाच्या सुटाला जास्त खर्च आला म्हणून नवरदेवाची किंमत वाढत नाही. निदान वाढू नये.

यावर दोन उत्तरं मिळतात. एक, 'अहो, पण मेहनत?' मेहनत केली हे खरं. पण ते सगळे रविवार तुम्ही मजेत घालवले, त्याचं काय? सिनेमा बघून आल्यावर तिकिटाचा अर्धा तुकडा आपण शेजाऱ्याला त्याच दराने विकत नाही. आनंद तुमचा वसूल झालेला आहे. दुसरं उत्तर, 'जुन्या गाड्यांना भाव आलाय.' आलाय ना! पण तो जिच्या अंगावर मूळचे नट-बोल्ट आहेत तिला. जी उरली तिला भाव. जी कापली तिला नव्हे. म्हणजे ज्या गोष्टीसाठी लोक जादा पैसे देतात, नेमकी तीच तुम्ही भंगारात घातली आणि भाव मात्र तिचाच मागता.

इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण मध्यंतरी एक पोरगा माझ्या काउंटरसमोर येऊन उभा राहिला. विशीचा असेल. राहुरी फॅक्टरीच्या बाजूचा. "साहेब, जुन्या गाडीवर लोन भेटतं का?" म्हणाला. म्हटलं, आधी कागद दाखव. आरसी बुकात रंग काळा, आसनं दोन. गाडी निळी, आसन एक. मालक म्हणून ज्यांचं नाव होतं ते गृहस्थ वारलेले. त्यांच्यानंतर गाडी दोन हातांतून फिरली होती आणि शेवटच्या हाताने याला सही केलेले कोरे टीटी फॉर्म दिले होते. ती सही कुणाची, हे सांगणारा कुणी नव्हता. मेलेल्या माणसाची गाडी आधी वारसाच्या नावावर करावी लागते, त्याला फॉर्म ३१ लागतो, हे कुणी त्याला बोललंच नव्हतं. बापाने कांदा विकून आलेल्या पैशातून निम्मी रक्कम इसार म्हणून केव्हाच गेली होती.

"फसवलं का ओ मला?" त्याने विचारलं. काय सांगणार? फसवलं म्हणावं, तर गाडी पहिल्या किकला चालू होते. नाही म्हणावं, तर गाडी चालू होते, पण त्याची होत नाही.

आणि कायदा काही गुपित नाही. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसीतली नोंद जुळणार नाही, असा फेरफार मालकाने गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य फेरफाराला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी सोय केली. दर फेरफारामागे! म्हणजे ती जाहिरात पुन्हा वाचा. विकणारा ज्याला गाडीचे गुण म्हणतो, ती दंडाची यादी निघण्याचा संभव आहे. आणि ती यादी किमतीसकट घेणाऱ्याच्या गळ्यात पडते.

'व्हिंटेज' हा शब्दही आता मोकाट राहिलेला नाही. २०२१च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटून गेलेली आणि मूळ रूपात राखलेली गाडीच व्हिंटेज. तिला 'व्हीए' अक्षरांची नोंदणी, दहा वर्षांसाठी २०,००० रुपये फी, आणि प्रदर्शन-रॅलीसारखी कारणं सोडली तर रोज रस्त्यावर आणायची नाही. १९७८ची येझदी पन्नाशी गाठणार २०२८ साली. मी स्वतः चाळिशी ओलांडलेली आहे, पण माझ्या चेसिसला कुणी हात लावलेला नाही, त्यामुळे मला आशा आहे. शेपूट कापलेल्या येझदीला तीही नाही.

जुनी गाडी जपणाऱ्यांशी माझं भांडण नाही, उलट त्यांच्यापुढे मी हात जोडतो. १९७२ साली बाजारात आलेली लूना आमच्या नगरच्याच कायनेटिकची. आमच्या ओळखीचे एक निवृत्त मास्तर आपली जुनी लूना अजून पायडलांसकट राखून आहेत. रंग उडालाय, पण जो आहे तो तिचाच. किंमत विचारली तर म्हणतात, "पेट्रोल टाका आणि एक चक्कर मारून या." हौस म्हणतात ती ही. तिचं बिल मास्तरांनी आजवर कुणाच्या नावावर फाडलेलं नाही.

तेव्हा गाड्या विकू नका, असं माझं म्हणणं नाही. खुशाल विका. फक्त जाहिरात अशी द्या: 'विकणे आहे. येझदी, १९७८. मागची फ्रेम मी कापली आहे. दोनदा पिस्टन बदलला. कागद माझ्या नावावर, मी स्वतः बरोबर येऊन ट्रान्स्फर करून देईन. जुनी सीट, मडगार्ड आणि दुसरा सायलेन्सर पोत्यात बांधून ठेवला आहे. रंगाचे पैसे लावलेले नाहीत; तो मला आवडतो, तुम्हाला आवडेलच असं नाही.'

अशी जाहिरात दिसली, तर त्या पोराला घेऊन मी स्वतः येईन. घासाघीसही फार करणार नाही. पोत्याचे मात्र वेगळे पैसे मागायचे नाहीत.